दिल्लीच्या तख्तासाठी जौनपूरचा झगडा आणि ग्वाल्हेर

बहलोल लोदीने 1451 मध्ये दिल्लीचे तख्त मिळवले, तेव्हा जौनपूरच्या शर्की सुलतानांनी, म्हणजे पूर्वेकडील प्रदेशावर राज्य करणाऱ्या घराण्याने, त्याच्याशी वैर धरले. पदच्युत सय्यद सुलतानाशी असलेल्या सोयरिकीमुळे त्यांना या तख्तावर आपला हक्क वाटत होता. मध्ये तह होत आणि मोडत, हा झगडा सुमारे 28 वर्षे चालला. ग्वाल्हेरच्या तोमर राजांची यात मोठी ओढाताण झाली. हुसेनशहा शर्कीने 1466 मध्ये वेढा घालताच राजा कीर्तिसिंहाने खंडणी, म्हणजे आक्रमण टाळण्यासाठी द्यावयाची रक्कम, देऊन सुटका करून घेतली. पुढे तोच हुसेनशहा पराभूत होऊन दारी आला, तेव्हा त्याला पैसा, तंबू, हत्ती-घोडे देऊन काल्पीपर्यंत सोबत केली. हे निव्वळ औदार्य नव्हते. दोन सत्ता झुंजत राहण्यातच तिसऱ्याचे हित होते. 1479 मध्ये जौनपूर पडले आणि ती आडभिंत गेली. इब्राहिम लोदीने अखेर ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, आणि शेवटचा तोमर राजा विक्रमादित्य 1526 मध्ये पानिपतावर त्याच लोदीच्या बाजूने लढताना मारला गेला.