मागुराच्या पोटातल्या 59 जाती

भंडाऱ्याच्या माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलावांत ढिवरांच्या जाळ्यात सापडणाऱ्या मागुर माशाला विज्ञानाच्या इतिहासात एक जागा आहे. 1925 साली नागपूरच्या एम. ए. मोघे यांनी मागुराच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज तो ‘लायटोसेस्टस इंडिकस’ म्हणून ओळखला जातो. माणसाच्या पोटातला पट्टकृमी शेकडो खंडांचा असतो. याला खंडच नाहीत. सगळ्या शरीरात जननेंद्रियांचा एकच संच. या गटातल्या कृमींची पिलं तलावाच्या गाळातल्या बारीक गांडुळांत वाढतात आणि ती गांडुळं खाल्ली की माशात येतात. खवय्यांनी घाबरू नये, माणसाच्या पोटात हे कृमी राहत नाहीत.

मोघ्यांच्या मागून नव्या जातींचा पूरच आला. नळदुर्ग, चाळीसगाव, मराठवाडा अशी नावं धारण केलेल्या जाती एकामागून एक छापून आल्या. एकट्या मागुरातून 59! 2011 मध्ये अनिर्बान अ‍ॅश, टोमाश शोल्झ आणि सहकाऱ्यांनी जुने नमुने आणि ताजे कृमी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा टिकल्या फक्त 8. मोघ्यांची जात त्यांत आहे.

बाकीच्या आल्या कुठून? बऱ्याचशा आक्रसलेल्या, फुगलेल्या, दाबलेल्या कृमींतून. खरी रीत अशी: मासा मारल्याबरोबर आतडं उभं चिरायचं, कृमी मिठाच्या पाण्यात धुवायचे आणि वळवळत असतानाच त्यांच्यावर उकळीला आलेलं 4 टक्के फॉर्मॅलिन ओतायचं. मगच कृमी सरळ, सैल राहतो. सकाळी बाजारातून आणलेला मासा दुपारी चिरला, तर कृमी मरून फुगलेला असतो. तो दोन काचांत दाबला की डोकं पसरतं, अंडाशयाचा आकार बदलतो. मग मिलिमीटरात मापं घ्यायची, जुन्या वर्णनाशी जुळली नाहीत की ‘नवी जात’! वर मूळ नमुना संग्रहालयात दिलेला नसेल, तर पडताळायचं कशाशी?

गंमत म्हणजे यजमान माशाचंही नाव बदललं. ‘क्लॅरियस बॅट्रेकस’ हा जावाचा मासा ठरला आणि आपला झाला ‘क्लॅरियस मागुर’.

तेव्हा प्राणिशास्त्राच्या मार्गदर्शकांना एकच विनंती. विद्यार्थ्याकडे नवी जात मागू नका. मोघ्यांचा कृमी साकोलीच्या, पवनीच्या तलावांतून पुन्हा नीट काढायला सांगा, एक तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवायला लावा आणि नमुना कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे पाठवा. त्या कामालाही पीएच.डी. द्यायला हरकत नसावी.