सोबतीनें पहिली शर्यत

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची. हें अंतर १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत प्रथम ठेवण्यांत आलें व १९२१ मध्यें कायम झालें. नवशिक्यांनीं मात्र दहा किलोमीटरांपासून आरंभ करावा. आम्ही व आमचे एक स्नेही अशाच शर्यतींत प्रथम उतरलों.

आरंभीं गर्दीच्या ओघांत पाय आपोआप वेगानें पडतात. परंतु अतिवेगानें स्नायूंस प्राणवायु अपुरा पडतो, त्यांतील साखरेचा सांठा झपाट्यानें खर्च होतो व धाप लागते. म्हणून बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवावें. सोबत्याचा खरा उपयोग येथेंच होतो. ज्याला पुरें वाक्य बोलवत नाहीं, त्याच्या बेतानें दुसऱ्यानें आपला वेग उतरवावा.

सातव्या किलोमीटरास आमच्या स्नेह्यांस धाप लागली व ते आम्हांस पुढें जाण्याविषयीं विनवूं लागले. आम्ही त्यांजबरोबर चालूं लागलों. श्वास स्थिर झाल्यावर दोघेही पुन्हां धांवलों. वेळ अधिक लागला, परंतु शर्यत दोघांचीही पुरी झाली.

विद्यार्थिमित्रहो, तहान लागेल तसें पाणी थोडें थोडें प्यावें; छातींत कळ अगर चक्कर आल्यास तत्काळ थांबावें, आणि सोबत्यानेंही त्याजपाशीं थांबावें.