पत्रा, ठिणगी आणि कान

जुन्या वस्तूंचा जीर्णोद्धार करण्याचा छंद वाईट नव्हे. पण ती वस्तू टाटा-मर्सिडीज ट्रक असली, तर छंदाबरोबर यंत्रही घरात येते. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपुरास हे ट्रक बांधावयास घेतले. तो करार १९६९ साली संपला. त्या काळातला एक ट्रक माझ्या भाच्याने आमच्या परसात आणून उभा केला आहे. गंजलेले मडगार्ड आणि बॉनेट घरीच सांधायचे, तर वेल्डिंगचे यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न त्याने मजपुढे टाकला.

गाणे शिकवणाऱ्याला यातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा आणि १८९० साली कलाभवन काढले, तेथे सूर आणि हातोडा यांना परके मानण्याचे कारण नाही.

“मामा, मोठ्यातले मोठे यंत्र घेऊ, म्हणजे प्रश्नच मिटला!” हे त्याचे पहिले मत. येथेच बहुतेकांची फसगत होते. यंत्र आकड्यावरून नव्हे, पत्र्यावरून निवडावे. मडगार्डाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. साध्या रॉडचे यंत्र स्वस्त आणि दणकट खरे, आणि तीन मिलिमीटरच्या पुढच्या लोखंडाला उत्तमही. पण पातळ पत्र्याला ते पाहता पाहता भोक पाडते. गॅसची ज्योत पत्रा दूरवर तापवते, त्यामुळे पत्रा वाकतो. शिवाय ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचे सिलिंडर राहत्या घरात ठेवणे शहाणपणाचे नाही. टिगचे काम देखणे. पण ते सावकाश चालते आणि हाताला फार रियाज मागते.

उरले मिग. त्यात बारीक तार यंत्रातून आपोआप पुढे येते आणि भोवती गॅसचे आवरण असते. ०.८ मिलिमीटरची तार आणि आर्गॉनमध्ये सुमारे २० ते २५ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण मडगार्डाला मानवते. उघड्या परसात मात्र वारा ते आवरण उडवून नेतो; तेव्हा आडोसा हवाच. सलग ओढ न देता थोड्या थोड्या अंतरावर ठिपके द्यावेत, म्हणजे पत्रा तडकत-वाकत नाही.

विजेचा हिशेबही करावा. साठ अँपिअरवर असे यंत्र घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर सहज चालते. दीडशेच्या पुढे निराळी लाइन लागते. आणि ‘ड्यूटी सायकल’ म्हणजे यंत्राचा दम. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा.

आता माझ्या पोटापाण्याची गोष्ट. वेल्डिंगपेक्षा कानाला घातक असतो त्यानंतरचा ग्राइंडर. त्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेच्या ‘निऑश’ संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतो, तर १०० डेसिबल दिवसाकाठी फक्त पंधरा मिनिटे. ज्या यंत्राने ठिणग्या कमी उडतात आणि घासावे कमी लागते, ते दोन पैसे महाग असले तरी स्वस्तच म्हणायचे. तरीही कानांत बोळे घालावेतच, कारण एकदा गेलेले कान परत येत नाहीत.

डोळ्यांनाही सवलत नाही. मुखवट्याची काच दहा ते तेरा नंबरची असावी. नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. बॅटरी आणि डिझेलची टाकी आधी उतरवावी. रिकामी टाकीसुद्धा वेल्डिंगला धरू नये, आत वाफ राहते. या ट्रकांच्या केबिनी पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर बांधलेल्या असत. तेव्हा पत्र्यामागे लाकूड आहे का, हे पाहूनच ठिणगी पाडावी आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. चासीस, स्टिअरिंग आणि ब्रेक यांना घरगुती हात लावू नये. ते काम पारखलेल्या कारागिराचे.

यंत्र आले, की त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर आठवडाभर हात बसवावा. मिग बिनसले असेल, तर तडतड आणि फटफट ऐकू येते. व्होल्टेज आणि तारेची गती जुळली, की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चर्र आवाज येतो. तंबोऱ्याची जोड लागल्यावर जसे सांगावे लागत नाही, तसेच तेही कळते. तो आवाज आला, की मगच ट्रककडे वळावे.