दाढेतलं सिमेंट : जंतू मारणारं की टिकणारं?

दाढ ठणकायला लागली की नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीतली लवंग आजही आधी आठवते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल ठणका शमवतं आणि जंतूंनाही मारतं. दंतवैद्य तेच युजेनॉल झिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीत काचेवर घोटून दाढेत भरतात. दवाखान्यात शिरताच येणारा लवंगेचा वास त्याचाच. पण हे भरण कच्चं. चावण्याच्या दाबाखाली ते तुटतं, झिजतं, म्हणून काही आठवड्यांत काढून पक्कं सिमेंट भरावं लागतं.

पक्कं भरणही वाया जातं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक तर ते फुटतं, नाहीतर त्याच्या कडेने पुन्हा कीड लागते. दाताच्या रंगाचं कंपोझिट निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना साधारण दोन-तीन टक्के आकसतं. कडेला बारीक फट राहिली, की स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू तिथे बसून साखरेचं आम्ल करतो. आजवर अनेक जण ‘चांदी’ म्हणजे अमॅल्गम भरून घेत आले. तिच्यात निम्मा पारा असतो आणि युरोपीय संघाने ती 1 जानेवारी 2025 पासून जवळपास बंदच केली. पांढऱ्या भरणाची जबाबदारी त्यामुळे वाढली आहे.

मग भरणातच औषध का घालू नये? ग्लास आयोनोमर सिमेंटमध्ये क्लोरहेक्सिडिन मिसळून पाहिलं गेलं. जंतू मेले. पण प्रमाण वाढवलं की सिमेंटची दाब सोसण्याची ताकद उतरते. औषध नुसतं मिसळलेलं असतं; ते लाळेत झिरपून जातं, पहिल्या दिवसांत भरपूर आणि पुढे थेंबथेंब. भिंतीतून विटा काढत जावं तसं हे आहे.

जपानच्या ओसाका विद्यापीठातले इमाझातो आणि त्यांचे सहकारी यांनी 1994 च्या सुमारास वेगळी वाट धरली. त्यांनी एमडीपीबी हा जंतुनाशक रेणू कंपोझिटमधल्या रेझिनच्या साखळीतच जोडून टाकला. तो झिरपत नाही, त्यामुळे भरण पोकळ होत नाही. मला ही कल्पना सर्वांत पटते. मात्र असं भरण स्पर्शानेच मारतं, आणि लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर वर बसला की मारा मंदावतो.

कंपोझिटची ताकद मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे : 25 मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड आणि तेवढ्याच रुंदीची कांडी, 37 अंशांच्या पाण्यात एक दिवस, मग मोडेपर्यंत वाकवायची. चावायच्या पृष्ठभागासाठी किमान 80 मेगापास्कल. जंतुनाशक भरणाला हा एक दिवस पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. औषध निघून गेल्यावर काय उरतं, ते वर्षभराने मोजायला हवं.

आणि इकडच्या तोंडात मोजायला हवं. इतवारीत माल उतरवणारा हमाल पन्नीत घोटलेला खर्रा दिवसभर दाढेखाली धरतो. सुपारीचे टणक तुकडे, तंबाखू, चुना. भरण निघालं की मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात रांग लावण्यात त्याची दिवसाची मजुरी जाते. झिजेच्या चाचणीसाठी अमेरिकेत ओरेगनला बनलेल्या यंत्रात दाताखाली खसखशीचा लगदा घालतात. आपल्या प्रयोगशाळांनी तिथे सुपारीचा चुरा घालून पाहावा.