स्टिअरिंगला कापरं भरतं तेव्हा…

शनिवारी पहाटे चांदणी चौकात उभं राहा. मुळशी-ताम्हिणीच्या दिशेने निघालेल्या जिम्नी, थार, जुन्या जिप्सी एकामागून एक जाताना दिसतील. त्यातल्या बऱ्याच गाड्या कंपनीने दिल्या त्यापेक्षा दोनेक इंच उंच, टायर जाडजूड, टपावर कॅरिअर. दिसतात एकदम झक्कास, वादच नाही! पण त्यांच्या मालकांना हळूच एक प्रश्न विचारून बघा, ‘बॉस, ८०च्या स्पीडला खड्डा लागला की स्टिअरिंग काय करतं?’ काहींचे चेहरे लगेच पडतात.

कारण गाडी लिफ्ट केली की स्टिअरिंगला कापरं भरणं, हा या छंदातला सगळ्यात जुना आजार. आणि त्यावर सर्रास दिलं जाणारं औषध म्हणजे नवा, जाडा स्टिअरिंग डॅम्पर. माझ्या मते हे औषध नाहीच. ती पेनकिलर आहे!

माझ्या एका मित्राची जिम्नी हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. २०२३ मध्ये जिम्नी भारतात आली तेव्हा त्याने हौसेने घेतली. वर्षभरात दोन इंचाची लिफ्ट किट बसवून झाली. मग ७०-८०च्या दरम्यान पूल ओलांडताना जॉइंटवर चाक आपटलं की स्टिअरिंग हातातून निसटेल असं थडथडायला लागलं. लिफ्ट बसवणाऱ्या दुकानदाराने डॅम्पर बदलून दिला. दोन महिने शांतता. नंतर पुन्हा तेच, आधीपेक्षा जोरात. आणि पुढच्याच आठवड्यात पठ्ठ्या आईला घेऊन कोल्हापूरला निघणार होता, म्हणजे मधे खंबाटकी घाट आलाच. मी त्याला म्हटलं, आधी गाडी दाखवू, मग देवीचं दर्शन.

नाना पेठेजवळ एक काका आहेत, जुन्या जीपांवर हात बसलेले. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मित्रालाच धरलं.

‘कधी हलतं?’
‘काका, सारखंच हलतं हो.’
‘सारखं काही हलत नसतं. नीट आठवून सांग.’

अर्धं निदान या प्रश्नातच आहे. फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर संशय ब्रेक डिस्कवर. ठरावीक स्पीडला, समजा ९०ला, बारीक थरथर सुरू होते आणि स्पीड पुढे-मागे झाला की जाते? मग टायर किंवा बॅलन्सिंग. पण खड्डा लागल्यावर एकदम थैमान सुरू होतं आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबतच नाही, तर पुढच्या अॅक्सलमध्ये कुठेतरी प्ले आलेला असतो. मित्राची केस ही तिसरी.

इथे थोडं शास्त्र. आजच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. जिम्नी, जिप्सी आणि रँग्लरला मात्र पुढे सलग अॅक्सल. म्हणजे एका चाकाला बसलेला धक्का थेट दुसऱ्यापर्यंत पोचतो. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक वेड्यासारखं फडफडतं ना, तसंच इथे, फक्त टनभर वजनासकट!

जिम्नीमध्ये हा अॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो. गाडी उचलली की रॉडचा कोन बदलतो आणि अॅक्सल थोडा एका बाजूला ओढला जातो. शिवाय कॅस्टर, म्हणजे सायकलच्या फोर्कसारखा चाकाच्या अक्षाचा मागे असलेला कल, कमी होतो. हा कलच चाकांना सरळ ठेवतो. तो कमी झाला की स्टिअरिंग हलकं आणि भरकटणारं होतं. पण म्हणून वाट्टेल तेवढा वाढवायचाही नाही, त्यानेही चाकं थरथरू शकतात.

काकांची तपासणी स्वस्तापासून महागाकडे गेली. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

आधी धुलाई. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल बॅलन्सिंगचे बारा वाजवायला पुरेसा असतो. मग टायरची हवा आणि कुठे फुगवटा आलाय का ते. पुढची चाकं मागे, मागची पुढे लावून बघा. थरथरीची जात बदलली तर दोष चाकात.

मग जोडीदार बोलवा. चाकं जमिनीवरच, इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओट लावलेली. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं, ड्रॅग लिंक आणि टाय रॉड एंड बघायचे. जिथे बोल्ट किंवा बुश जागेवर ‘टक’ करून हलतो, तिथे चोर.

त्यानंतर जॅक, आणि अॅक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवर भरवसा नको! चाक घड्याळाच्या १२ आणि ६वर धरून हलवा. प्ले जाणवला तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गायब झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग. ३ आणि ९वर हलला तर टाय रॉड एंड बघा.

शेवटी अलाइनमेंट, आणि त्याची प्रिंट मागून घ्या. त्यात टो बरोबर कॅस्टरचाही आकडा हवा. कॅस्टर कमी निघाला तर ऑफसेट बुश मिळतात. डॅम्परचा नंबर सगळ्यात शेवटी.

मित्राच्या गाडीत चोर दुसऱ्या पायरीवरच सापडला. पॅनहार्ड रॉडचा अॅक्सलकडचा बुश फाटलेला आणि बोल्ट ढिला. ‘लिफ्ट बसवताना गाडी हवेत लटकत असतानाच आवळलाय हा,’ काका म्हणाले. गाडी चाकांवर उतरली की असा बुश कायमचा पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. बोल्टची शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर असतानाच करायची असते. नवा बुश, नवा बोल्ट, टॉर्क रेंचने आवळणी. अर्ध्या दिवसाचं काम! डॅम्परने दोन महिने फक्त हा आवाज दाबून ठेवला होता आणि तेवढ्यात बुशचा पार चुरा झाला.

आणखी एक न आवडणारी गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. लिफ्टवर पैसे टाकण्याआधी याचा विचार कराच. अपघात झाला तर विम्याच्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असू शकतो.

आणि चालत्या गाडीत कापरं भरलंच तर? घाबरून करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अॅक्सिलरेटर सोडा, स्पीड आपोआप उतरू द्या. मग हॅझर्ड लाइट लावून डावीकडे थांबा. थरथर गेली म्हणून पुन्हा ८० गाठू नका. गॅरेजपर्यंत हळूच जा किंवा टो करून न्या. तिथे कुणी गाडीखाली न वाकताच ‘डॅम्पर बदलू या’ म्हणालं, तर किल्ली परत मागून घ्या!