शिक्क्यावरची कुस्ती

जत्रेतला कुस्तीचा फड तुम्ही पाहिलाच असेल. सलामी झडते, खडाखडी होते, डावाला प्रतिडाव येतो. पण कोणी नरड्याला हात घातला, की पंच मध्ये पडतो. ती मग कुस्ती राहत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात व्हाइट्सबरो नावाचे लहानसे गाव आहे. १७८४ साली ह्यू व्हाइट नावाचा गोरा तेथे येऊन वसला. ओनायडा या तिथल्या मूळ जमातीतील एका गड्याशी त्याची कुस्ती लागली, व्हाइट जिंकला आणि त्यातून स्नेह जुळला, अशी गावकऱ्यांची कथा. तीच कुस्ती गावाच्या शिक्क्यावर आली. आपल्या ग्रामपंचायतीचा असतो ना, तसाच शिक्का. पण चित्र कसे? ओनायडा मागे कलंडलेला आणि गोऱ्याचे हात त्याच्या गळ्याशी! १९७७ साली तक्रार झाली, तेव्हा हात गळ्यावरून खांद्यांवर सरकवले. तरी पाहणाऱ्याला गळा दाबल्यासारखेच वाटे.

ओनायडांची बाजूही ऐका. त्यांची जमीन एके काळी सुमारे साठ लाख एकर होती. स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्रजांविरुद्ध अमेरिकनांच्या बाजूने लढले. पुढे करारनामे करकरून राज्य सरकारने त्यांची जमीन घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस हाती उरली फक्त ३२ एकर. बांधाच्या वितीसाठी कोर्टाची पायरी चढणारे आपण. साठ लाखांचे बत्तीस होणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. १७९५ चा असा एक व्यवहार बेकायदा होता, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठरवले. अशा लोकांनी ते चित्र स्नेहाचे मानायचे?

जानेवारी २०१६ मध्ये गावाने मतदान घेतले. शिक्का ठेवा म्हणणारे १५७, बदला म्हणणारे ५५. गावकरी दुष्ट होते असे नव्हे. वाडवडिलांची खूण कोणाला सोडवते? पण मत होते गावच्या रहिवाशांपुरते. ज्यांच्या माणसाचा गळा चित्रात होता, त्या जमातीचा कौल त्यात नव्हता.

निकालानंतर दूरचित्रवाणीवर गावाची देशभर थट्टा झाली आणि थोड्याच दिवसांत गाव बदलाला तयार झाले. शेजारच्या युटिका शहरातील कलाशाळेच्या विद्यार्थिनीने नवे चित्र काढले. २०१७ पासून तोच शिक्का आहे. कुस्ती कायम आहे. फक्त आता दोघे गडी बरोबरीने भिडलेले दिसतात.