बाराखडीची चौदाखडी कशी झाली?

आपण क, का, कि, की म्हणत कः पर्यंत बारा मोजायचो. आता मुलं 'चौदाखडी' म्हणतात. त्यात कॅ आणि कॉ ही दोन वाढली.

कारण घरचंच आहे. आपल्या गटाचं खातं जिथे असतं ती 'बँक' म्हणून बघा. 'ए' म्हणता म्हणता जबडा थोडा आणखी खाली सोडला की तो आवाज निघतो. 'डॉक्टर'मधला ऑ सुद्धा असाच, जुन्या बाराखडीत न बसणारा. हे आवाज इंग्रजी शब्दांबरोबर तोंडात आले, लोक अर्धचंद्र काढून ते लिहूही लागले. मग २००९ साली राज्य सरकारने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. आधी जीभ, मागून कागद.

उलटंही करून झालंय. जर्मनीतल्या श्लायर नावाच्या पाद्र्याने १८७९-८० च्या सुमारास साऱ्या जगासाठी 'व्होलाप्युक' ही नवी भाषा रचली. काहींना 'र' जड जातो म्हणून त्याने तो जवळजवळ टाळलाच. युरोपातला 'रोझ', म्हणजे गुलाब, झाला 'लोल'. ओळखणार कोण? १९३१ मध्ये आरी दे याँग या डच गृहस्थाने बऱ्याच शब्दांत 'र' परत आणला, पण तोवर ती बोलणारे मूठभरच उरले होते.

शाळेची मराठीही थोडी घडवलेलीच. इंग्रजांच्या काळात शाळेची पुस्तकं आणि मोल्सवर्थचा १८३१ चा कोश झाला, तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली नमुना ठरली. म्हणून आपल्याकडचं 'पानी', 'लोनी' अशुद्ध ठरतं. इंग्रजीच्या दोन स्वरांना वर्णमालेत पाट मांडला आणि आपल्या 'न'ला उंबऱ्याबाहेर ठेवलं, हे मला काही पटत नाही.

लिहिताना मात्र 'ण' सांभाळावा. 'मन' वेगळं, 'मण' वेगळा. धान्याच्या हिशोबात घोटाळा नको. 'न'ला जीभ दातांमागे टेकते, 'ण'ला मागे वळून टाळूला लागते, एवढाच फरक.

आणि लेक म्हणाली, "आई, पानी नाही, पाणी म्हण," तर तिला एक गंमत सांगा. पैठणच्या सातवाहनांच्या काळातल्या महाराष्ट्री प्राकृतात 'न'च्या जागी सर्रास 'ण' यायचा. नयनाला तेव्हा 'णअण' म्हणत.